इंग्रजी : मिरविण्यासाठी नव्हे, वाद घालण्यासाठी

होळीच्या नाक्यावर सकाळची भाजी आणि फुले रवाना झाली की चहाच्या दुकानात चार माणसे टेकतात. त्यांच्यात बसण्याची आम्हा काही कार्यकर्त्यांची जुनी सवय आहे. मध्यंतरी तेथे एकाने एक कागद आणला. किनारपट्टीच्या नियमनासंबंधीची ती सूचना होती. हरकती नोंदविण्याची मुदत थोडी उरली होती आणि मजकूर सगळा इंग्रजीत होता. इंग्रजी माध्यमात बारावीपर्यंत शिकलेला एक तरुण जवळच उभा होता. त्याने तो कागद कोठेही न अडखळता वाचून दाखविला. वाचून झाल्यावर एका वृद्ध बागायतदाराने विचारले, "पोरा, यात आपल्याला काय सांगितले आहे?" तरुण गप्प राहिला. मग आमच्यातील एकाने जमेल तसा आशय मराठीत सांगितला. तो ऐकून तेच वृद्ध गृहस्थ म्हणाले, "भरतीचे पाणी कुठवर येते हे कुणी ठरविले, आणि कोणत्या महिन्यात येऊन मोजले?"

त्या कागदावर विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता. किनारपट्टीच्या नियमांतील मुख्य अंतरे 'हाय टाइड लाइन' या रेषेपासून मोजली जातात. रेषा चुकली तर पुढचे सगळेच चुकते. म्हणजे त्या सकाळी एकाजवळ अक्षरे होती, पण प्रश्न नव्हता. दुसऱ्याजवळ प्रश्न होता, पण अक्षरे नव्हती. आपल्या चळवळीने या दोघांना एका बाकावर कधी बसविले नाही, ही आपली चूक आहे. ती कशी सुधारता येईल याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

इंग्रजीविषयी आपल्यात दोनच सूर ऐकू येतात. एक सूर तिला शिव्या देतो आणि दुसरा, बहुधा घरी गेल्यावर, मुलांना तिच्या शाळेत घालतो. दोन्ही सूर इंग्रजीकडे प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून पाहतात. श्रमिकांच्या दृष्टीने इंग्रजी हा प्रथम कागदाचा प्रश्न आहे. जमीन, पाणी, किनारा, रस्ता यांविषयीचे निर्णय ज्या कागदांवर होतात त्यांची मूळ भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते. राज्यात १९६५ पासून राजभाषा अधिनियम अमलात आहे आणि खालच्या न्यायालयांत मराठी आली आहे, हे खरे. परंतु संविधानाच्या ३४८व्या कलमानुसार उच्च न्यायालयाची आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे, आणि केंद्रीय कायद्यांचा अधिकृत पाठही इंग्रजीच समजला जातो. गावाचे भांडण मराठीत सुरू होते आणि निकालापर्यंत जाताना वाटेत भाषा बदलते. ज्याला ती भाषा येते त्याच्या हाती मग गाव आपले भांडण सोपवितो. तो प्रामाणिक असला तर ठीक. नसला तर गावाला ते कळण्याचा मार्ग नसतो.

वसईला याचा अनुभव नवा नाही. १९९० मध्ये सिडकोची या उपप्रदेशासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि वाड्या, विहिरी व शेते असलेल्या या पट्ट्याचे भवितव्य नकाशांवर ठरू लागले. तेव्हाच्या हरित वसईच्या लढ्याला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नेतृत्व लाभले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक असलेले आणि पुढे २०२० मध्ये ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हे मराठीचे लेखक होते. लोक रस्त्यावर आले ते मराठीतून आणि सामवेदी, वाडवळी या बोलींतून. नकाशे आणि न्यायालयीन कागद मात्र इंग्रजीत होते. २००९ मध्ये महानगरपालिका आली, तिच्या हद्दीत कोणती गावे असावीत हा वाद पेटला, आणि २९ गावांचा प्रश्न उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिला. त्या काळात किती ग्रामस्थांनी आपल्याच गावाच्या याचिकेचे एक पान वाचले असेल? हा दोष ग्रामस्थांचा नाही. त्यांना वाचनास बसविणे हे ज्यांचे काम होते त्या आपणा कार्यकर्त्यांचा आहे.

एका शब्दाने किती फरक पडतो याची दोन उदाहरणे देतो. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जेथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती आहे, तेथे भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंतच विकास-निषिद्ध पट्टा. जेथे वस्ती त्याहून विरळ, तेथे २०० मीटर. आणि हा ५० मीटरचा पट्टाही केव्हा, तर लोकांशी विचारविनिमय करून तयार झालेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर. तोवर २०० मीटरच. दीडशे मीटरच्या पट्टीचे भवितव्य एका आकड्यावर आणि एका पोटवाक्यावर लोंबकळत आहे. ते पोटवाक्य ज्याने वाचले नाही तो सभेत कितीही मोठ्याने बोलला तरी त्याचा बाण नेमक्या जागी लागणार नाही.

दुसरे उदाहरण आदिवासी भागाचे. आपल्या जिल्ह्याचे बहुतेक पूर्वेकडील तालुके आणि वसई तालुक्याचाही काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे लागू असलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी 'कन्सल्ट' करणे बंधनकारक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या ४१व्या कलमात मात्र अनुसूचित क्षेत्रासाठी 'कन्सेंट' हा शब्द आला. पहिल्या शब्दाचा अर्थ विचारणे आणि दुसऱ्याचा अर्थ संमती घेणे. विचारून नकार आला तरी पुढे जाता येते; संमती नाकारली तर तसे जाता येऊ नये. सतरा वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन शब्दांमध्ये आदिवासींच्या कितीतरी लढ्यांचे फळ साठलेले आहे. पण ग्रामसभेला बसलेल्या माणसाला हा फरक माहीत नसेल, तर अधिकारी पहिल्या शब्दाचा विधी उरकतो आणि दुसरा शब्द कायद्याच्या पुस्तकातच राहतो. तीच गोष्ट 'शॅल' आणि 'मे' या दोन छोट्या क्रियापदांची. एक शासनाला बांधते, दुसरे शासनाला मोकळे सोडते.

उत्तरेस आपल्याच जिल्ह्यातील डहाणूजवळ वाढवण बंदर होऊ घातले आहे. त्याची पर्यावरणविषयक जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. बंदर हवे की नको याची चर्चा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच की २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पांचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पण शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो. मासेमाराला सारांश मिळतो. माशांविषयीचे प्रकरण इंग्रजीत राहते. २०२० मध्ये या अधिसूचनेच्या जागी नवा मसुदा आला तेव्हा तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्यावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. ज्यांनी ही दाद मागितली त्यांनी मसुदा आधी इंग्रजीत वाचला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भाषांतराची मागणीसुद्धा वाचणाराच करू शकतो.

येथे आपल्यातील ज्येष्ठ सहकारी विचारतील, "मग डॉक्टर लोहियांचे काय?" प्रश्न रास्त आहे. १९५७ पासून समाजवाद्यांनी 'अंग्रेजी हटाव'ची हाक दिली, आणि तिच्यामागचा विचार आजही खोटा ठरलेला नाही. मूठभरांना येणारी भाषा राज्यकारभारात, न्यायालयात आणि शिक्षणाच्या माध्यमात बसली की लोकशाही मूठभरांची होते. पण लोहियांचा विरोध इंग्रजीच्या या सार्वजनिक सिंहासनाला होता. ती भाषा वाचण्याला नव्हता. ज्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळविली आणि इंग्रजीत मुबलक लिहिले, ते कोणाला अज्ञानाचा उपदेश कसा करतील? सिंहासन हलवावयाचे तर त्यावर काय लिहून ठेवले आहे हे आधी वाचता आले पाहिजे. इंग्रजीचा वापर कमी व्हावा यासाठी लढणे आणि लढा चालू असेतो तिचे कागद वाचता येणे, या दोन गोष्टींत विरोध नाही. मागणी मराठीतील कागदाचीच राहील, आणि तो मिळेपर्यंत समोर येणारा कागद आपण वाचल्याशिवाय सोडणार नाही.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जी साहित्य व विज्ञानविषयक सभा काढली, तिच्यात निबंध वाचावयाचा आणि मग त्यावर चर्चा करावयाची, अशी रीत होती. दादाभाई नौरोजी त्याच पिढीतले. तिच्याच मराठी आणि गुजराती शाखा म्हणून ज्ञानप्रसारक सभा निघाल्या आणि मुलींच्या शाळाही उभ्या राहिल्या. इंग्रजीत मिळविलेले मराठीत आणि गुजरातीत उतरविण्याची ती धडपड होती. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली ती इंग्रजीत. ज्या सत्तेला ऐकवावयाचे होते तिच्या भाषेत त्यांनी ते ऐकविले. शेतकऱ्यांसाठी त्यांची लेखणी मराठीतच राहिली.

आणि आपल्या घराण्याची कथा तर नाशिकच्या तुरुंगात सुरू होते. १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, नानासाहेब गोरे, एसेम अशी तरुण मंडळी तेथे होती. स्वराज्य कोणासाठी, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न. त्यावर वाचन होई, वाद होई. समाजवादावरील ग्रंथ बहुतेक इंग्रजीतले. त्या वादांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. तेथे कोणीही इंग्रजी सुधारण्यासाठी बसले नव्हते. प्रश्न जिव्हाळ्याचा होता, म्हणून पुस्तक वाचावे लागले. समोरचा सहमत होईना, म्हणून ते पुन्हा नीट वाचावे लागले. पुढे बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत इंग्रजीत बोलत तेव्हा विरोधकही कान देत, आणि तेच नाथ पै कोकणातल्या सभेत मराठीत बोलत तेव्हा शेतकऱ्याला ते आपले वाटत. एका भाषेतील कमाई दुसऱ्या भाषेत आणण्याचा मार्ग ज्याला सापडला, त्याच्या बाबतीत इंग्रजी ही भिंत राहिली नाही.

शाळेत हे का होत नाही? महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. मुले दहा वर्षे धडे पाठ करतात, मार्गदर्शकातील उत्तरे उतरवितात आणि उत्तीर्ण होतात. वादविवाद स्पर्धाही होतात. परंतु तेथील भाषण शिक्षकांनी लिहून दिलेले असते, विषय मुलाच्या जगण्यापासून दूर असतो आणि प्रतिपक्षाचे कोणी ऐकत नाही, कारण आपले उत्तर आधीच पाठ झालेले असते. याला वादविवाद म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. वाद तेथेच होतो जेथे दुसऱ्याचे ऐकून आपले वाक्य बदलावे लागते. असे वाक्य बदलावे लागले की भाषा खऱ्या अर्थाने अंगवळणी पडते.

ब्राझीलमधील पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस या गावी सुमारे ३०० श्रमिकांना चाळीस तासांत लिहा-वाचावयास शिकविण्याचा प्रयोग केला. त्यांचे सूत्र साधे होते. शब्द पुस्तकातून घ्यावयाचे नाहीत. त्या माणसांच्या कामातून आणि अडचणींतून घ्यावयाचे, आणि शब्द शिकताना त्यामागच्या परिस्थितीवर बोलावयाचे. पुढच्याच वर्षी तेथे लष्करी उठाव झाला आणि फ्रेरे यांना तुरुंग व परागंदा जिणे पत्करावे लागले. शेतमजूर वाचू लागला तर काय होईल हे सत्ताधाऱ्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते! फ्रेरे मातृभाषेविषयी सांगत होते; पण ज्याचा विषय आपला आहे त्याची भाषा लवकर येते, हे परभाषेलाही लागू पडते. भरतीचे पाणी कुठवर येते हे ज्याला पन्नास वर्षे ठाऊक आहे त्याला 'हाय टाइड' हे दोन शब्द किती जड जातील?

म्हणून सूचना अशी की प्रत्येक शाखेने आठवड्यातून एकदा, दीड तासाचे वाचन-वाद मंडळ सुरू करावे. होळीसारख्या नाक्यावर त्यासाठी एक खोली, एक फळा आणि दहा-बारा माणसे पुरेत. पद्धत पुढीलप्रमाणे असावी.

दर वेळी एकच प्रश्न आणि एकच कागद घ्यावा. तोही अर्ध्या पानाहून मोठा नको. इंग्रजी वृत्तपत्रातील बातमी, अधिसूचनेतील एक कलम, निकालातील एक परिच्छेद, यांपैकी काहीही चालेल. मात्र प्रश्न आपल्या गावाला भिडणारा हवा. कागद उघडण्यापूर्वी त्या प्रश्नाविषयी आपल्याला काय ठाऊक आहे ते मराठीत, हवे तर बोलीत, बोलून घ्यावे आणि पाच प्रश्न फळ्यावर लिहावे. मग कागद वाचावा तो त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी. प्रत्येकाने एक वाक्य मोठ्याने वाचावे आणि त्यात चार गोष्टी शोधाव्या : करणारा कोण, करणे बंधनकारक की ऐच्छिक, आकडा कोणता, मुदत केव्हापर्यंत. अडलेले शब्द वहीत उतरावे. पण एका बैठकीत दहाहून अधिक नकोत.

यानंतर वाद. बाजू चिठ्ठीने ठरवाव्या, म्हणजे बंदराला विरोध असलेल्या कार्यकर्त्यावरही कधीतरी बंदराची बाजू मांडण्याची पाळी येईल. हे आपल्याला बोचेल. तरीही ते आवश्यक आहे. प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा जो मांडू शकत नाही त्याचा स्वतःचा मुद्दाही अजून कच्चाच असतो. पहिली फेरी मराठीत आणि दुसरी इंग्रजीत व्हावी. एक नियम कडक पाळावा : उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून दाखवावे. आणि बोलणाऱ्याचे व्याकरण मध्येच कोणी सुधारू नये. चूक वहीत टिपावी आणि शेवटी सांगावी. शेवटच्या दहा मिनिटांत सर्वांनी मिळून पाच वाक्यांची एक हरकत किंवा पत्र दोन्ही भाषांत लिहावे आणि ते खरोखरच पाठवावे. पत्र पाठविले नाही तर मंडळाची शाळा होईल आणि शाळेला माणसे फार दिवस येत नाहीत.

दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला, अशा मंडळात इंग्रजी माध्यमातील तरुणच बोलतील. स्त्रिया आणि वयस्क श्रमिक मागे बसून ऐकतील. भीती खरी आहे. म्हणून ज्यांची इंग्रजी सफाईची आहे त्यांनी शेवटी बोलावे आणि टिपणे घेण्याचे काम करावे. प्रश्न मांडण्याचा पहिला मान ज्यांचे पोट त्या प्रश्नावर अवलंबून आहे त्यांना द्यावा. तसे पाहिले तर वसईच्या माणसाने भाषेचा एक उंबरठा आधीच ओलांडलेला आहे. घरात सामवेदी किंवा वाडवळी, शाळेत प्रमाण मराठी, लोकलमध्ये हिंदी. ज्याने लहानपणी घरची बोली बाजूला ठेवून पुस्तकी मराठी आत्मसात केली, त्याच्या ठायी आणखी एका भाषेची ताकद नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याला न्यूनगंड दिला आहे तो आपल्या समाजाने.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. आता भ्रमणध्वनीवर कोणत्याही कागदाचे भाषांतर क्षणात होते. मग हा खटाटोप कशाला? त्या सोयीचा उपयोग अवश्य करावा. परंतु यंत्राने दिलेले भाषांतर बरोबर आहे की नाही हे कोण ठरविणार? 'कन्सल्ट' आणि 'कन्सेंट' या दोहोंतील फरकावर गावाची जमीन अवलंबून आहे, हे यंत्र आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि काय विचारावयाचे हे समजण्यासाठी आधी दहा माणसांत बसून डोके घासावे लागते. शिवाय जनसुनावणीत अधिकाऱ्याने उलट प्रश्न केला की उत्तर तेथेच उभे राहून द्यावे लागते. ते धैर्य आठवड्याच्या सरावाने येते.

आपल्या पक्षात अभ्यासवर्गांची परंपरा मोठी होती. ती क्षीण झाली याचे एक कारण असे की वर्गात एक वक्ता बोले आणि बाकीचे ऐकत. श्रोते वाढले, वाचक वाढले नाहीत. म्हणून नवा वर्ग काढावयाचा तर तो वाचणाऱ्यांचा आणि वाद घालणाऱ्यांचा असावा. त्यातून सफाईदार इंग्रजी बोलणारे पुढारी निघाले नाहीत तरी हरकत नाही. सूचना हाती पडताच ती कोणाकडे न्यावी असे न विचारता स्वतः वाचावयास बसणारी, आणि न समजलेल्या वाक्याखाली रेघ मारून ते सभेत विचारणारी दहा माणसे प्रत्येक गावात निघाली, तरी पुष्कळ काम झाले असे म्हणता येईल.

त्या सकाळचा तो कागद अजून आमच्याजवळ आहे. पहिल्या बैठकीला तोच घ्यावयाचे ठरले आहे. त्या तरुणाला आणि त्या वृद्ध बागायतदाराला, दोघांनाही, निरोप पाठविला आहे. दोघेही येतो म्हणाले आहेत.